एकटीला उचलवेल एवढी गाडी

प्रश्न : मी ४३ वर्षांची. भांडुपला राहते, फोर्टमध्ये बँकेत नोकरी करते. गेली अकरा वर्षं दीडशे सीसीची गाडी चालवते, तिच्यावरून दोनदा गोव्याला जाऊन आले. आता मोठी गाडी घ्यायची आहे. दहा लाखांपर्यंत पैसे बाजूला ठेवलेत. मागे कोणी बसणार नाही, मी एकटीच फिरणार. महिन्या-दोन महिन्यांतून देवगडला आईकडे आणि वर्षातून एकदा लांब, हंपी किंवा कच्छ. थोडं पुढे झुकून बसायला मला आवडतं, पण दिवसभरात मनगटं आणि कंबर धरायला नको, म्हणून स्पोर्ट टूरिंग, म्हणजे वेगवान पण लांबच्या प्रवासाला सोयीची, अशी गाडी मनात आहे. भाचा म्हणतो, 'मावशी, एकदाच घेणार आहेस तर सेकंडहँड हजार सीसी घे, पुन्हा बदलायला नको.' ऑफिसमधले ६५० सुचवतात. माझी उंची ५ फूट ४ इंच, वजन ५८ किलो. आमच्या इमारतीचं पार्किंग उताराचं आहे. आई म्हणते, गाडी कुठलीही घे, पण एकटी जाऊ नकोस. काय करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. गाडी निवडायची म्हणून लिहिणारे बहुतेक जण सीसी सांगतात, बजेट सांगतात, फार तर उंची सांगतात. पार्किंगला उतार आहे हे कोणी लिहीत नाही. तुम्ही लिहिलंत, आणि माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

शनिवारची पहाट धरा. साडेचार वाजलेत. उजाडायच्या आत पनवेल मागे टाकलं तर देवगड दिवसाउजेडी गाठता येतं. आदल्या रात्री गाडी भिंतीकडे तोंड करून लावलेली, म्हणजे ती चढावर उलटी ओढून काढायची. एका बाजूला शेजाऱ्यांची स्कूटर, दुसऱ्या बाजूला कोणाची तरी कार, मध्ये वीतभर जागा. कावासाकीची निंजा १०००एसएक्स टाकी भरून २३८ किलो भरते. तुम्ही ५८ किलोंच्या. चौपट वजन, आणि हात द्यायला वॉचमन असला तर असला. हे वर्षातून एकदा होणार नाही, गाडी बाहेर काढाल तितक्या वेळा होणार आहे. माझ्या ओळखीतल्या दोघांच्या चांगल्या धडधाकट गाड्या केवळ या कंटाळ्यापायी ताडपत्रीखाली राहिल्या आणि दोन वर्षांनी विकल्या गेल्या.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. एकट्याने फिरणाऱ्याने गाडीची पहिली परीक्षा ती उभी असताना घ्यावी. जी तुम्हाला एकटीला ढकलवते, वळवता येते आणि आडवी झालीच तर उचलवते, ती तुमची. ताकद, वारा अडवणारी काच, बॅगा, रंग, सगळं त्यानंतर. चालत्या गाडीचं वजन जाणवत नाही. पंधरा-वीसचा वेग आला की अडीचशे किलोही हलके वाटतात. ते वजन परत येतं पेट्रोल पंपावरच्या खडीत, टपरीसमोरच्या उतारावर, लॉजच्या मागच्या चिखलात. दोघं असले की एक धरतो, एक ढकलतो. एकट्याला सगळं स्वतःच करायचं असतं.

हे मी अंगावर घेतलेलं सांगतोय. २०१४ साली, पावसाळा नुकताच सरला होता, आंबा घाटात. तेव्हा माझ्याकडे चार सिलिंडरची, अडीचशे किलोंच्या आसपासची गाडी होती. दरी बघायला म्हणून कडेला थांबलो. डावा पाय टेकवला तो साइडपट्टीवर, आणि साइडपट्टी पावसाने खचून डांबरापेक्षा चांगली वीतभर खाली गेलेली. पाय जमिनीला लागेपर्यंत गाडी झुकली होती, आणि एवढं वजन एकदा कलंडायला लागलं की पायाने थोपत नाही. गाडी उताराच्या बाजूला आडवी, हँडल खाली आणि चाकं वर. पेट्रोलचा वास यायला लागला. मोबाइलला रेंज नाही. तीनदा जोर लावला. तिसऱ्या वेळी कमरेत अशी कळ आली की तिथेच दगडावर बसलो. चाळीस मिनिटांनी रत्नागिरीकडे जाणारी एसटी आली. कंडक्टर आणि दोन प्रवासी उतरले, चौघांनी मिळून गाडी उभी केली. क्लचचा लिव्हर अर्धा तुटला होता, तशाच गाडीवर साखरप्यापर्यंत उतरलो. गाडीत काहीच खोट नव्हती. सोबत कोणी असतं तर दोन मिनिटांत उभी राहिली असती आणि आज मला तो प्रसंग आठवलाही नसता.

स्पोर्ट टूरिंग हा प्रकार मुळात कोणासाठी घडला तेही बघा. बीएमडब्ल्यूने १९७६ साली आर १०० आरएस आणली, वाऱ्याच्या बोगद्यात घासूनपुसून आकार दिलेल्या पूर्ण फेअरिंगची, म्हणजे वारा अडवणाऱ्या आवरणाची. जर्मनीच्या ऑटोबानवर, जिथे मोठमोठ्या पट्ट्यांत वेगाला मर्यादाच नाही, तिथे तासन्‌तास जोरात जाता यावं आणि उतरल्यावर छाती-मान शाबूत असावी, ही कल्पना. १९९० साली होंडाची एसटी ११०० आली, दोन्ही बाजूंना पेट्या, मागचं चाक फिरवायला चेनऐवजी शाफ्ट, वजन तीनशे किलोंच्या वर. नवरा-बायको, दोघांचे आठवडाभराचे कपडे आणि दोन-तीन देश, असा तो प्रवास. आजही या प्रकारातल्या मोठ्या गाड्यांची चासी म्हणजे सांगाडा, मागची स्प्रिंग, सीटची लांबी, सगळं मागे एक माणूस आणि सामान धरूनच आखलेलं असतं. तुमच्या मागे कोणी बसणारच नसेल, तर त्या वजनाचा बराचसा वाटा तुम्ही न बसलेल्या माणसासाठी वाहणार.

आणि आपण मुंबईत राहतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. समृद्धीच्या ७०१ किलोमीटरवर बंदी. अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता, पूर्व मुक्त मार्ग, सगळीकडे बंदी. ज्या रस्त्यांवर हजार सीसीच्या गाडीचं चीज झालं असतं ते सगळे आपल्याला बंद आहेत. ही सरसकट बंदी मला स्वतःला पटत नाही, पण गाडी आज जे रस्ते आहेत त्यांच्यासाठी घ्यायची असते. तुमच्या वाट्याला येणार पेण, माणगाव, महाड, चिपळूण, राजापूर. पुण्याकडे जायचं तर शिंग्रोबाच्या देवळावरून चढणारा जुना रस्ता, नाशिककडे कसारा. दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर मोटारसायकलला केंद्राने घातलेली मर्यादा ताशी ८० आहे. हजार सीसीची गाडी ती पहिल्याच गिअरमध्ये ओलांडते.

भाच्याचं म्हणणं प्रेमापोटी आहे, त्याला दुखवू नका. पण त्याचा हिशेब उलटा आहे. 'पुन्हा बदलायला नको' म्हणून सगळ्यात मोठी घ्यावी, असं गाडीत चालत नाही. आपल्याला काय हवं आहे ते वीस हजार किलोमीटर झाल्यावर कळतं, त्याआधी नाही. शिवाय जुन्या मोठ्या गाडीचा खर्च किमतीत दिसत नाही. मागचा टायर १९० मिलिमीटर रुंद, महागडा, आणि कुठल्याही गावात मिळत नाही. चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, सगळं त्याच मापाचं. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, ते वाचायला शिकून घ्या: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीच्या टायरची नक्षी कोरी दिसते, पण रबर आतून कडक झालेलं असतं. पावसात, उतारावर ते तुम्हाला धरून ठेवणार नाही. उष्णतेचं तर विचारूच नका. मे महिन्यात लाल बहादूर शास्त्री मार्गावर कांजूरमार्ग ते घाटकोपर गर्दीत अडकलात की चार सिलिंडरच्या गाडीचा पंखा सुरू होतो आणि फेअरिंगमधून निघणारी ती सगळी वाफ मांड्यांवर येते. मी ते सोसलंय. त्या गाडीवर बसायचा उत्साह ऊन संपेपर्यंत परत येत नाही.

आता ऑफिसमधल्यांच्या ६५० कडे येऊ, कारण ते लोक चुकीचं सांगत नाहीत. पण ६५० हा एकच आकडा नाही, त्यात फार वेगवेगळ्या गाड्या बसतात. कावासाकीची व्हर्सिस ६५० लांबच्या प्रवासाला अप्रतिम. २१ लिटरची टाकी, सरळ बैठक, कोकणातल्या खड्ड्यांना पुरून उरणारं सस्पेन्शन. पण सीट ८४५ मिलिमीटरवर आणि वजन २१९ किलोंच्या आसपास. पाच फूट दहा इंच उंचीच्या माणसाला मी डोळे मिटून सांगेन. तुमचे दोन्ही पाय एका वेळी टेकले तर बोटंच टेकतील. ट्रायम्फची टायगर स्पोर्ट ६६०, तीन सिलिंडरची, तिचं इंजिन मला या सगळ्यांत जास्त आवडतं. खालपासून ओढते, वर गेल्यावर गाते. वजन २०६च्या आसपास, सीट ८३५. इथेही उंची आड येते. आणि मग निंजा ६५०. सगळे तिला कॉलेजच्या पोरांची गाडी समजतात, पण आकडे बघा: १९६ किलो, सीट ७९०, ताकद ६८ पीएस, हँडल पुरेसं वर. तुम्ही जी बैठक वर्णन केली आहे ती हीच. पूर्ण फेअरिंग आहे, १५ लिटरची टाकी आहे, दोन सिलिंडरचं इंजिन दिवसभर शांत चालतं. अडचण एक: गाडीचं पोट जमिनीपासून १३० मिलिमीटरच वर. देवगड तालुक्यात शिरल्यावर गावागावांत जे स्पीडब्रेकर आहेत, डांबराचे नुसते ढीग, त्यांवरून सामानासकट ती खाली घासल्याशिवाय जाईल याची मी हमी देणार नाही.

तिच्याशेजारी बजाजची डॉमिनार ४०० उभी करा. ३७३ सीसी, ४० पीएस, सीट ८००, जमिनीपासून १५७ मिलिमीटर. वजन १९३ किलो, म्हणजे निंजापेक्षा जेमतेम तीन किलो कमी. हा आकडा बघून पुष्कळांना धक्का बसतो, कारण डॉमिनार 'छोटी' आणि निंजा 'मोठी' अशी मनात वर्गवारी असते. पार्किंगमध्ये दोघींना सारखाच दम लागतो. तेव्हा वजनावरून या दोघींत निवड होत नाही. ती तुमच्या महिन्याच्या रस्त्यावरून करायची.

माझं मत डॉमिनारकडे झुकतं, निदान पहिले दोन पावसाळे. भांडुप ते देवगड सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. १३ लिटरच्या टाकीत, लिटरला अठ्ठावीस धरलं तरी साडेतीनशे पार होतात, म्हणजे वाटेत एकदा पेट्रोल पुरतं. उंच काच, हँडगार्ड आणि मागचा कॅरिअर कंपनीकडूनच बसून येतो. क्लच हलका आहे, ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस दोन्ही चाकांना. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: महाड, चिपळूण, कणकवली, कुठेही गाडी बंद पडली तरी बजाजचं काम येणारा मेकॅनिक तासाभरात सापडतो. निंजासाठी बहुधा टेम्पोत घालून शहर गाठावं लागेल. दोघं-तिघं असताना ती एक आठवण होते; एकटीला, संध्याकाळी सहा वाजता, राजापूरजवळ, ती अडचण असते.

खोटं सांगणार नाही, काही गोष्टींना तुम्ही मुकाल. एका सिलिंडरचं इंजिन आहे. शंभरच्या पुढे बराच वेळ चालवलं की पायाखाली आणि हातात थरथर येते. पूर्ण फेअरिंग नाही, त्यामुळे खांद्यांवर वारा लागतो. कच्छला जाताना वडोदऱ्यापुढचा सरळ रस्ता लागला की दोन सिलिंडर असते तर बरं झालं असतं, असं वाटेल. तो वर्षातला एक आठवडा. उरलेले सगळे शनिवार कोकणातल्या वळणांचे, आणि तिथे ही गाडी तुमच्या हातात राहील. जांभ्याचे चिरे वाहणाऱ्या ट्रकमधून सांडलेली लाल माती पावसाने वळणावर पसरलेली असते, त्यावर किती पीएस आहेत हे कोणी विचारत नाही. हलक्या हाताने, हळू, न घाबरता वळता आलं पाहिजे.

पैशांचंही एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. त्यात रस्ता कर आणि विमा धरला की ६५०च्या गाडीला तुमचे दहा लाख जवळजवळ संपतात, आणि मग हेल्मेट-जॅकेट 'पुढच्या बोनसला' ढकललं जातं. हे मी फार वेळा पाहिलंय. वजनच कमी हवं असेल तर सुझुकीची जिक्सर एसएफ २५० अवघ्या १६१ किलोंची आहे, पूर्ण फेअरिंगसह, आणि कमी कराच्या गटातली. पार्किंगच्या परीक्षेत डॉमिनार जड गेली, तर लाज न बाळगता ही घ्या. २६ पीएसमध्ये हंपीला जाऊन येणारे पुष्कळ आहेत.

ती परीक्षा अशी घ्या. शोरूममध्ये गेलात की ते तुम्हाला गाडीवर बसवतील आणि 'पाय टेकतात ना मॅडम' म्हणतील. तुम्ही आधी उतरा. गाडी न्यूट्रलमध्ये, तुम्ही डाव्या बाजूला, कंबर सीटला टेकवून. दहा पावलं मागे न्या, हँडल पूर्ण वळवून पुन्हा पुढे आणा. मग रस्त्यापासून शोरूमपर्यंतचा उतार असेलच, त्यावर चढवा. असं तीनदा, कोणाचा हात न लावता. सेल्समन मध्ये पडेल, त्याला नम्रपणे बाजूला राहायला सांगा. तिसऱ्या वेळी दम लागला तरी हरकत नाही, पण भीती वाटायला नको. भीती वाटली तर ती गाडी सोडा, मग ती कितीही देखणी असो.

उचलणं हे ताकदीपेक्षा पद्धतीचं काम आहे, आणि ते आपल्या जुन्या दीडशेवर शिकता येतं. जुन्या गोधड्या अंथरा, गाडी हळूच आडवी करा. पहिलं काम, किल स्विच दाबून इंजिन बंद. गाडी गिअरमध्ये असू द्या, म्हणजे सरकत नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उभी करताना ती पलीकडे जाते. मग गाडीकडे पाठ करा, कुल्ले सीटला टेकवा, एका हातात खालचं हँडल आणि दुसऱ्या हातात मागचा धरायचा दांडा किंवा चासी. पाठ ताठ, जोर पायांचा, छोटी-छोटी पावलं मागे. आंबा घाटात मला हे ठाऊक नव्हतं. मी गाडीकडे तोंड करून, वाकून, कमरेने ओढत होतो. उताराच्या बाजूला पडलेली गाडी मात्र या पद्धतीनेही सहज उठत नाही, म्हणून थांबताना जागा बघून थांबायचं. डांबरावरच पाय टेकवायचा. साइडपट्टीवर भरवसा ठेवायचा नाही.

उंचीबद्दल मनात न्यूनगंड नको. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असा नियम नाही. थांबताना डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर, एवढं पुरतं. सीटचा पुढचा भाग निमुळता असला की ८०० मिलिमीटरही ७८० सारखे वाटतात, म्हणून कागदावरच्या आकड्यापेक्षा बसून बघणं खरं. जाड तळव्याचे बूट घातलेत की आणखी मदत होते. फोम थोडा तासून घेतला तरी चालेल. गाडी खाली करण्यासाठी सस्पेन्शनला हात लावू देऊ नका. वळणावरचं सगळं गणित बिघडतं.

सस्पेन्शनचा विषय निघालाच आहे तर: मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला ताण, तुमच्या ५८ किलोंना बहुधा जास्त पडेल. सर्व्हिसला सांगून कमी करून घ्या. त्याने स्प्रिंग मऊ होत नाही, पण गाडी तुमच्या वजनाखाली योग्य तेवढी बसते, खड्ड्यात मागचं चाक उडत नाही, आणि सीटही किंचित खाली येते. एकटीने फिरण्याचा हा फायदा आहे, मागच्या माणसासाठी काही राखून ठेवावं लागत नाही.

दुसरा फायदा मोकळी मागची सीट. सामानासाठी बाजूच्या पेट्या लावू नका. गाडी रुंद होते, माणगावच्या कोंडीत अडकते आणि पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या स्कूटरला लागते. टॉप बॉक्स मागच्या चाकाच्याही मागे लटकतो. त्यात जड काही भरलं की पुढचं चाक हलकं पडतं. मागच्या सीटवर पट्ट्यांनी घट्ट बांधलेली एक टेल बॅग घ्या, जड वस्तू तळाला आणि पुढच्या बाजूला. वजन दोन चाकांच्या मध्ये राहतं. मात्र चहाला थांबलात की बॅगेकडे बघायला कोणी नसतं, म्हणून पैसे, औषधं, चाव्या कमरेच्या पाउचमध्ये. गाडी टपरीसमोर, नजरेसमोर. परतताना आईने दिलेल्या हापूसच्या पेट्या न्यायच्या असतील तर त्या एसटीने पाठवा, हे मनापासून सांगतो.

उरलेल्या पैशांतून आधी हेल्मेट, पूर्ण चेहरा झाकणारं, आयएसआय खुणेचं, दोन तास डोक्यावर ठेवूनही कपाळाला न टोचणारं. मग गुडघ्यांना आणि पाठीला गार्ड असलेले कपडे, जाळीचे, कारण आपल्याकडच्या दमट हवेत जाड जॅकेट कोणी घालत नाही आणि कपाटातलं जॅकेट कामाचं नाही. घोटा झाकणारे बूट. पंक्चरच्या पट्ट्या आणि छोटा हवेचा पंप, आणि एकदा तरी घरच्या पार्किंगमध्ये स्वतः पट्टी मारून बघा. ट्यूबलेस टायर असल्याने चाक काढावं लागत नाही, दहा मिनिटांचं काम आहे. चेनला पाचशे किलोमीटरला तेल, पावसाळ्यात त्याहून लवकर. आपल्याकडची खारी हवा चेनला सोडत नाही. विम्यात चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचाच असतो, पण रस्त्यावर मदतीची सोय त्यात वेगळी मागून घ्यावी लागते, ती मागा.

राहता राहिल्या आई. त्यांचं 'एकटी जाऊ नकोस' हे गाडीबद्दल नाही, मध्येच काही झालं तर कोणाला कळणार कसं, याबद्दल आहे. त्यांना 'काही होत नाही' म्हणून गप्प करू नका. ठरलेल्या तीन जागा सांगा: महाड, चिपळूण, तळेरे. तिथून फोन येणार, आला नाही तर इतक्या वाजेपर्यंत थांबायचं आणि मग अमुक माणसाला कळवायचं. जागा अशा निवडा की रेंज असेल; घाटातली जागा नको, रेंज गेली की त्या उगाच घाबरतील. ११२ हा आपत्कालीन क्रमांक, १०८ रुग्णवाहिका, १०३३ राष्ट्रीय महामार्गाची मदत, हे तिन्ही त्यांच्या फोनमध्येही भरून ठेवा. जॅकेटच्या खिशात रक्तगट आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. दिवे लागायच्या आत पोचायचं, उशीर झाला तर चिपळूणला मुक्काम करायचा, आणि तो मुक्काम आधीच ठरलेल्या गोष्टींत धरायचा, म्हणजे उशीर झाला म्हणून कशेडी घाटानंतर अॅक्सिलरेटर आपोआप पिळला जात नाही.

आणि पहिल्या खेपेला देवगडला पोचलात की गाडी अंगणात घ्या. आईंना ओटीवर बसू द्या. त्यांच्यादेखत, एकटीने, कोणाची मदत न घेता गाडी मागे घ्या, वळवा आणि तोंड रस्त्याकडे करून लावा.